धोंड्याच्या महिन्यातलं स्वातंत्र्य

देश स्वतंत्र झाला तेव्हा धोंड्याचा महिना होता, हे मला इतिहासाच्या पुस्तकाआधी आजीने सांगितलं. तारखा तिच्या लेखी कारकुनांच्या कामाच्या. तिचा सगळा हिशेब पंचांगाचा. कोण पोळ्याला जन्मलं, कोणाचं लग्न अखितीला लागलं, कोण येळवशीच्या दुसऱ्या दिवशी गेलं. १५ ऑगस्ट १९४७ ला अधिक श्रावण चालू होता आणि तो संपायला एकच दिवस राहिला होता. दर १९ वर्षांनी हा अधिक श्रावण फिरून जवळपास त्याच तारखांवर येतो: १९६६, १९८५, २००४, २०२३. मी ताडून पाहिलंय, आजी बरोबर होती.

अधिक महिना म्हणजे आमच्याकडे जावयाचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण समजून जेवायला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करायचे, वर साजूक तूप, आणि निघताना तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्यातही लग्नानंतरचा पहिला धोंडा असला तर विचारूच नका. आबा-आजीचं लग्न १९४७ च्या वैशाखातलं. त्यामुळे १५ ऑगस्टला आबा कुठे होते, याचं उत्तर सरळ आहे. ते बार्शीला, सासुरवाडीत, पाटावर बसलेले होते.

हे 'कुठे' महत्त्वाचं आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. आबांचं गाव कळंब तालुक्यातलं, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. आज एसटीने माणूस डुलकी काढेपर्यंत पोचतो. तेव्हा मधे राज्याची हद्द होती, जकातीचा नाका होता, नाणंसुद्धा वेगळं होतं. निजामाकडे हाली सिक्का, इंग्रजांकडे कळदार, आणि हालीची किंमत कळदारापेक्षा कमी. लग्नाच्या यादीत लिहिलेले रुपये हाली धरायचे की कळदार, यावरून मांडवात चांगली वादावादी झाली होती म्हणे. सोयरिकी मात्र हद्दीच्या आरपार व्हायच्या. देवीचे, बाजाराचे, बैलांचे रस्ते एकच होते, मग पोरी द्यायला काय हरकत?

आबा तेव्हा विशीतले. शाळेच्या दाखल्यावर त्यांचं जन्मसाल १३३६ फसली असं होतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांना उर्दूच. मराठी वर्तमानपत्र ते शेवटपर्यंत बोट ठेवून वाचायचे आणि शेर मात्र धडाधड म्हणायचे.

त्या दिवसाची गोष्ट ते कधीही झेंड्यापासून सुरू करत नसत. जेवणापासून करत. धोंडे किती झाले, तूप कसं रवाळ होतं, मेहुण्यांनी आग्रह करून करून कसं बेजार केलं. मग रात्री बारा वाजता गिरणीचा भोंगा झाला, अवेळी, आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. सकाळी भगवंताच्या देवळाकडे जायला वाट नव्हती. अधिक महिना विष्णूचा, आणि बार्शीचा भगवंत विष्णूच, त्यामुळे गर्दी आधीचीच होती. तिच्यात ही स्वातंत्र्याची गर्दी मिसळली. कोण देवाला आलंय आणि कोण मिरवणुकीला, काही कळेना. सासऱ्यांनी जावयाच्या सदऱ्याला टाचणीने कागदी तिरंगा लावला. आबा सांगायचे, "माझा हात सारखा छातीवर. लोकांना वाटलं पोरगं भारावलंय. मला आपली धास्ती, की हे काढायचं राहून गेलं आणि तसाच गावाकडं गेलो तर?"

धास्ती खोटी नव्हती. निजामाने हिंदुस्थानात सामील न होता स्वतंत्र राहायचं ठरवलं होतं. त्याच १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. जो कागद बार्शीत छातीवर लावून मिरवायचा, तोच काही कोसांवर जवळ सापडला तर कोठडी.

पुढच्या भागाच्या आमच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. परत निघताना गाडीत वाणाचा पितळी डबा होता. तळाला केळीचं पान, पानावर अनारसे. तो कागदी झेंडा घडी घालून पानाखाली ठेवला गेला. आबा म्हणायचे, मी ठेवला. आजी म्हणायची, "ह्यांनी? ह्यांचे तर हात थरथरत व्हते. मी ठिवला." दोघंही आता नाहीत, निकाल लागलेला नाही. माझं मत आजीच्या बाजूने आहे, कारण अनारशांच्या डब्याला पुरुषमाणूस हात लावेल असं ते घर नव्हतं.

नाक्यावर, म्हणजे करोडगिरीच्या (निजामाच्या जकातीच्या) नाक्यावर, गाडी अडवली. नाकेदाराने डब्याकडे बोट केलं. आबांनी आपल्या शाळेतल्या उर्दूत सांगितलं की सासुरवाडीहून येतोय, खाण्याचं आहे. त्याने झाकण उघडायला लावलं. एक अनारसा उचलला, खाल्ला. दुसरा उचलला. खाता खाता आवाज खाली आणून विचारलं, "बार्शी में आज क्या धूम है?" आबा म्हणाले, "धोंडे का महिना है, साहब." तो हसला आणि गाडी सोडली. त्याला खरंच कळलं नाही, की कळूनही त्याने सोडलं, यावर आबांनी पुढची ५० वर्षं विचार केला. एकतीस अनारसे आणि एक झेंडा घरी पोचला.

झेंडा फार टिकला नाही. पणजीने तो आठवड्याच्या आत चुलीत घातला. तिचं म्हणणं होतं, "मला रजाकाराचं भ्या न्हाई, माझ्या पोराच्या जिभेचं हाय. कुटंतरी सांगून बसंल." पणजीचा स्वभाव पाहता तिने त्यावर दुधाचं पातेलंही ठेवलं असेल.

नोव्हेंबरात निजाम आणि भारत सरकारमध्ये एका वर्षाचा जैसे थे करार झाला. कागदावर सगळं जैसे थे, गावात मात्र दर महिन्याला वेगळं. लातूरचा वकील कासिम रझवी रजाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, पुढारी झाला होता आणि त्याची माणसं गावोगाव फिरत होती. आमचा कडबा जाळला गेला, घरातलं धान्य नेलं. १९४८ च्या उन्हाळ्यात बायका-पोरांना हद्दीपलीकडे न्यायचं ठरलं. आजीला सातवा महिना होता. रात्रीच्या गाडीने, बैलांच्या घुंगरमाळा काढून, ती पुन्हा बार्शीला गेली. आबा सोबतीला गेले ते तिकडेच राहिले. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते; आबा तिथे भाकरी पोचवायचे, निरोप न्यायचे. बाकीच्यांनी काय काय केलं ते तेच सांगायचे: कोणी निजामाचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडली, कोणी करोडगिरीचे नाके जाळले. आमच्या वाटेवरचा नाकाही जळला. पुढे कॅम्पवाल्यांना स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन मिळू लागली तेव्हा लोक म्हणाले, अर्ज करा. आबा म्हणाले, "सासुरवाडीत राहिल्याची पेन्शन सरकार देत नाही." ज्यांनी हद्द लांबूनही पाहिली नव्हती अशांचेही अर्ज पुढे गेले, त्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. कमीत कमी आमच्यासमोर तरी.

त्याच आषाढात बाबांचा जन्म झाला. बार्शीत, म्हणजे स्वतंत्र भारतात. आणि घर निजामाच्या राज्यात. आम्ही मोठी झाल्यावर बाबांना चिडवायचो की तुम्ही परदेशात जन्मलात. ते शाळामास्तर असल्यामुळे मनावर घ्यायचे आणि फळा नसताना हवेत नकाशा काढून समजावायचे.

बाबांची शाळा जिल्हा परिषदेची. झेंड्याची सगळी तयारी त्यांच्याकडे. लोकांना वाटतं झेंडा फडकवणं म्हणजे दोरी ओढणं. दोरी पाहुणा ओढतो. खरं काम आदल्या संध्याकाळचं असतं. झेंडा लांबीत घडी घालायचा, आत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या, मग गुंडाळी करून त्याच दोरीचा वेढा द्यायचा आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची. सैल मारली तर झेंडा वर जातानाच उलगडतो, पाकळ्या अर्ध्यावर सांडतात आणि पोरं हसतात. घट्ट मारली तर पाहुणे ओढत राहतात, बँडवाला श्वास धरून बसतो आणि हेडमास्तरांचा चेहरा बघवत नाही. २६ जानेवारीला हे सोपं जातं. १५ ऑगस्टला सुती दोरी पावसात भिजून फुगते आणि गाठ आवळून बसते. म्हणून बाबा दोरी चार दिवस आधी घरी आणून चुलीवरच्या दांडीला वाळत घालायचे, आणि अंगणात आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर तालीम करायचे. लिंबाच्या फांदीवर लुगडं चढवलं जायचं, आम्ही भावंडं एका ओळीत सावधान, बाबा दोरीला हिसका देणार, आणि वरून तेल्या रंगाचं लुगडं उलगडून चार तगरीची फुलं खाली. आजी ओट्यावरून म्हणायची, "माझं लुगडं फडकीवता व्हय रं? करा सलाम मग." आम्ही करायचोही.

आदल्या रात्री निळीच्या पाण्यातून काढलेला पांढरा सदरा, आणि पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री. तांब्याच्या बुडाला राख लागलेली नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे असायचं. कॅनव्हासच्या बुटांना खडू ओला करून फासायचा. सकाळी प्रभातफेरीत पहिल्या चिखलात त्या सगळ्याची वाट लागायची, पण निघताना तरी पांढरं असावं ही अपेक्षा.

प्रभातफेरी आमच्या गल्लीतून जायची. गुरुजी ओरडायचे, "एक रुपया चांदीचा!" आम्ही ओरडायचो, "देश आमचा गांधींचा!" आणि आजी दारात उभी राहून विचारायची, "हाली का कळदार?" दर वर्षी. बाकीच्या पोरांना काही कळायचं नाही. आबा मात्र आतून मोठ्याने हसायचे. नवरा-बायकोला एकमेकांच्या विनोदावर हसताना मी त्या एवढ्या एका दिवशी पाहिलं.

१९८५ चा १५ ऑगस्ट मला सगळ्यांत लख्ख आठवतो, कारण तो पुन्हा धोंड्याचा होता. आत्याचे यजमान जेवायला आले होते. म्हणजे घरात एकाच दिवशी दोन पाहुणे: शाळेत झेंड्याला सभापती आणि घरी धोंड्याला जावई. आईची दाणादाण. पहाटे तीनला पुरण शिजायला टाकलं होतं. बाबा एकीकडे दोरी गुंडाळतायत, दुसरीकडे आई म्हणतेय वेलदोडे कुटून द्या. आबांनी रेडिओ ओट्यावर आणून मोठा केला. राजीव गांधींचं लाल किल्ल्यावरचं पहिलंच भाषण होतं ते, आणि त्यात त्यांनी आसाम कराराची घोषणा केली. करार हा शब्द ऐकताच आबांनी मान हलवली. "करार आम्ही बी केला होता," म्हणाले. जणू काही जैसे थे करारावर त्यांची सही होती.

झेंडावंदन करून आम्ही चिखलाच्या पायांनी आलो तर मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, पाटावर आणि आजी त्यांना वाढतेय. आजी सहसा वाढायला बसत नसे. त्या दिवशी तिने स्वतः धोंडा फोडून त्यात तूप सोडलं आणि सांगायला लागली: बार्शीची आळी, भोंगा, भगवंताची गर्दी, नाकेदाराचे दोन अनारसे. आबा मधे मधे दुरुस्त्या करत होते. "दोन नाही, तीन खाल्ले." "दोनच." "मी समोर होतो." "मी मोजून भरले व्हते." मामाजी बिचारे धोंडा तोंडात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शाळेत मिळालेल्या लिमलेटच्या गोळ्या माझ्या मुठीत विरघळून चिकट झाल्या होत्या आणि तरी मी उठले नाही.

२६ जानेवारीची आठवण यामानाने कोरडी आहे. तो बाबांचा आणि संविधानाचा दिवस. कवायत, लेझीम, भाषणस्पर्धा, थंडीत कुडकुडणारे गुडघे. आबांकडे त्या दिवशी सांगायला एकच गोष्ट असायची आणि ती ते मोठ्या चवीने सांगायचे. १९५० साली देश प्रजासत्ताक झाला तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे, म्हणून कोण बसले? तेच, निजाम मीर उस्मान अली खान. ते १९५६ पर्यंत, राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत, त्या जागेवर होते. "ज्याच्यासाठी आम्ही पळालो, त्यालाच सलाम," आबा म्हणायचे. हे ते कडवटपणाने म्हणत नसत. राजकारणातली गंमत म्हणून सांगायचे. बाबांना मात्र ही गंमत वाटायची नाही. ते घटनेतली कलमं काढून बसायचे.

मग राहिला १७ सप्टेंबर.

बाकीच्या महाराष्ट्रातल्या माझ्या मैत्रिणींना ही तारीख सांगावी लागते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. सरकारने त्याला पोलीस कारवाई म्हटलं. आमच्याकडे सगळे 'ॲक्शन' म्हणतात. 'ॲक्शनच्या आधी', 'ॲक्शनच्या नंतर', अशी आख्ख्या पिढीची कालगणना. देशाला स्वातंत्र्य मिळून १३ महिने झाल्यावर आमच्या गावात तिरंगा लागला. दिवस गणपतीचे होते.

आबा १७ सप्टेंबरला सकाळी धोतर-टोपी करून झेंड्याला जायचे. आता त्या दिवशी मुख्यमंत्री येतात, संभाजीनगरला स्मृतिस्तंभापाशी सलामी होते. आमच्या लहानपणी एवढा गाजावाजा नव्हता. तहसीलपाशी चाळीस-पन्नास माणसं आणि दोन-तीन सत्कारमूर्ती. आजी त्या दिवशी दारात येत नसे. हाली-कळदाराचा विनोद नाही, गोष्टी नाहीत. विचारलं तर म्हणायची, "लई काम पडलंय." खरं तर त्या दिवशी ती काही विशेष करायचीही नाही. डाळ निवडत बसायची.

खूप नंतर, मी कॉलेजात असताना, तिने एकदा सांगितलं. बार्शीला पळून जायच्या आधी, पणजीने घाईघाईत का होईना, तिची ओटी भरली होती. सातव्या महिन्याची. गल्लीतली मनियारीण, म्हणजे बांगड्या भरणारी मुसलमान बाई, चुडा भरायला आली. दंगलीचे दिवस, तिचे लोक आणि आमचे लोक एकमेकांकडे बघत नव्हते, तरी ती मागच्या दाराने आली. हिरव्या बांगड्या. आजीचे हात सुजलेले होते, बांगडी चढेना. मनियारिणीने तिच्या हाताला साबण लावला, अंगठा तळव्यात मुडपला, आणि गोष्टी सांगत सांगत एकेक बांगडी सरकवत गेली, एकही न फोडता. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, पोरगा झाला की दे. पोरगी झाली तर अर्धे. मुलगा झाला. दिवाळीनंतर आजी बाबांना घेऊन परत आली, पैसे पदराला बांधून. मनियारिणीच्या घराला दार नव्हतं. चौकटच नव्हती. आत कोणाची तरी शेरडं बांधलेली होती.

"कुटं गेली म्हणून विचारलं," आजी म्हणाली, "तर समदे येकमेकाकडं बगाय लागले." पणजोबा सगळ्या काळात गावातच राहिले होते, एकटे, घर राखायला. त्यांना माहीत असणार. त्यांना विचारायची कोणाची छाती झाली नाही, आजीची तर नाहीच. सुनेने सासऱ्याला विचारायच्या प्रश्नांत हा बसत नव्हता.

ॲक्शननंतर काय झालं हे बघायला सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. तो मी वाचला तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव शोधलं, जसं निकालात नंबर शोधतात. मुसलमानांवरच्या हिंसेत सर्वाधिक पोळलेले म्हणून चार जिल्हे त्यात दिलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. सबंध राज्यात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज. मी हे आबांना वाचून दाखवलं नाही, ते तोवर गेले होते. आजी होती. तिलाही दाखवलं नाही. तिला काय त्यात नवीन होतं?

मला वाटतं, आजीचं स्वातंत्र्य दोन घरांत विभागलेलं होतं. १५ ऑगस्ट तिच्या माहेरचा. तिथे ती सोळा वर्षांची होती, डब्यात झेंडा लपवणारी, भांडून गोष्ट सांगणारी. १७ सप्टेंबर सासरचा. सासरच्या गोष्टी बाईने बाहेर सांगायच्या नसतात, असं तिला शिकवलं गेलं होतं, आणि तिने ते शेवटपर्यंत पाळलं. रजाकारांनी काय केलं हे ती लपवत नव्हती. जळलेला कडबा, नेलेलं धान्य, शेजारच्या वाड्यातला खून, सगळं सांगायची. पण १७ तारखेच्या भाषणांत ते तेवढंच आणि तिथेच संपतं. आबा त्यावर म्हणायचे की मुक्त झालो म्हणून तर तू आज तोंड उघडून बोलू शकतीस. ती म्हणायची, "बोलतीय कुटं मी?" हा त्यांचा दर वर्षीचा संवाद. यात कोण बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवलंच पाहिजे असंही वाटत नाही. दोघांचंही खरं होतं आणि दोघं एकाच ताटलीतून भाकरी खात होते.

बाबा आता निवृत्त, माझ्याकडे पुण्यात असतात. २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा लावायची मोहीम आली तेव्हा सोसायटीने सगळ्यांसाठी पॉलिएस्टरचे झेंडे मागवले. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाल्यापासून ते चालतं. बाबांना ते चाललं नाही. झेंडा खादीचा पाहिजे आणि आपल्याकडचा पाहिजे: कापड उदगीरला विणलेलं, झेंडा नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतला. ती समिती स्वामी रामानंद तीर्थांची. भाचा नांदेडला असतो, त्याला कामाला लावलं. झेंडा आला, बाल्कनीच्या गजाला काठी बांधली, आणि तो बाकीच्या झेंड्यांसारखा चमकेना. जरा पिवळसर, जाडसर. वाऱ्यावर हलायलाही वेळ लावायचा. खालचे एक गृहस्थ म्हणाले, काका, जुना दिसतोय, बदलून देऊ का? बाबांनी त्यांना उदगीरपासून सुरुवात करून दीड तास बसवून ठेवलं. चहा मला करावा लागला, दोनदा.

गेल्या १७ सप्टेंबरला आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलतभावाने लांबलचक मजकूर टाकला. कुठून तरी आलेला, रजाकारांचे अत्याचार, खाली जळजळीत दोन ओळी, कोणावर सूड घ्यायचा राहिलाय अशा थाटाच्या. सगळ्यांनी हात जोडले, झेंडे टाकले. बाबांनी एका बोटाने टाइप करत करत मनियारिणीची गोष्ट लिहिली. फक्त बांगड्या, न घेतलेले पैसे आणि चौकट नसलेलं घर. वर-खाली काही नाही. ग्रुप दिवसभर गप्प. मग एकाने सुप्रभातचं चित्र टाकलं, दुपारी चार वाजता.

रात्री आत्याचा फोन आला. सत्तरी ओलांडलेली आहे, लातूरला असते, कानाला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलते. मला वाटलं बाबांना झापणार. तर म्हणाली, "अगं, दादाला अर्धीच गोष्ट माहीत. मनियारिणीचा पोरगा वाचला होता ना. लातूरला गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान टाकलं होतं त्यानं. माझ्या लग्नाचा चुडा तिथलाच."

मी विचारलं, आजीला माहीत होतं?

"माहीत म्हणजे? तीच मला घेऊन गेली. दर वर्षी जायची, संक्रांतीच्या आधी. कळंबहून एवढ्या लांब, कळंबला काय बांगड्या मिळत नव्हत्या? त्याला ओळख सांगायची नाही काही नाही. नुसती बसायची हात पुढं करून. आणि सांगेल तो भाव. मी एकदा म्हणाले, दादा, चार आणे कमी करा, तर खालून मला असा चिमटा काढला तिनं, हे अजून वळ असंल. अन् तो तर द्यायलाच निघाला होता कमी करून!"

चार आणे गेले याचं आत्याला अजून वाईट वाटतं.